पुस्तकात असे नव्हते

मे महिन्यात शहाण्या मुंबईकराने गावी जावे, आणि गाव नसेल तर निदान पंख्याखाली पडून राहावे. मी मात्र यंदा दादरच्या एका छोट्या नाट्यगृहाच्या उन्हाळी हंगामाचा पास घेतला. चार रविवार, दुपारी चारचे चार प्रयोग, चारही नाटके कादंबऱ्यांवर बेतलेली. सवलतीच्या मोहाने जोडीचा पास घेतला, आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक व बाहेरचे ऊन यांचा एकत्रित विचार करून सौभाग्यवतीने आपला हक्क मोठ्या मनाने स्वतःच्या आईला देऊन टाकला.

सासूबाईंचे वय 74. मुलुंडच्या वाचनालयातील कादंबऱ्यांचे कपाट त्यांनी एकदा डावीकडून उजवीकडे वाचून संपवले असून सध्या उजवीकडून डावीकडे परतीचा प्रवास चालू आहे. तुम्हाआम्हाला कादंबरी आठवते ती फार तर मुखपृष्ठ आणि शेवट एवढीच. त्यांना मात्र कोणत्या प्रकरणात कोण कोणत्या रंगाचे लुगडे नेसले होते, हेही आठवते. अशा व्यक्तीला कादंबरीवरचे नाटक दाखवणे म्हणजे सुगरणीच्या पानात विकतची पुरणपोळी वाढण्यासारखे आहे, हे मला पहिल्या रविवारी चार वाजून दहा मिनिटांनी समजले.

त्या नाट्यगृहात जेमतेम शंभर खुर्च्या आहेत. पहिली रांग आणि रंगमंच यांच्यामध्ये जमिनीवर चिकटवलेली एक पांढरी पट्टी सोडली तर काहीच नाही. पाय लांब केला की आपण नाटकातले पात्र. वातानुकूलन यंत्र आहे, पण ते गिरणीसारखे घरघरते, म्हणून हळवा प्रसंग आला की बंद करतात, आणि साहित्यावर बेतलेल्या नाटकात हळवे प्रसंग फार. सगळे प्रेक्षक रुमालाने तोंड पुसू लागतात आणि नटांना वाटते, आपण रडवले.

नेपथ्य म्हणून चार काळे ठोकळे होते. जोडून ठेवले की माजघर, गोल मांडले की विहीर. पहिल्या नाटकाची नायिका त्या विहिरीवर घागर भरू लागली आणि माझ्या कानाशी आवाज आला, "पुस्तकात विहिरीला रहाट होता." सासूबाईंचे कुजबुजणे हे त्यांच्या ऐकण्याच्या मानाने बेतलेले असते. नायिकेने ते ऐकले, क्षणभर थबकली, आणि मग अख्खा प्रवेशभर हवेत रहाट ओढत राहिली.

परतीच्या गाडीत मी इतिहासाचा आधार घेतला. म्हटले, "आई, श्री. ना. पेंडसे यांनी 1952 च्या ‘गारंबीचा बापू’ कादंबरीचे नाटक स्वतःच केले. जयवंत दळवींनी ‘अंधाराच्या पारंब्या’ या आपल्याच कादंबरीवरून ‘बॅरिस्टर’ लिहिले. लेखकांनीच आपले लेखन कापले, तिथे आपण का हळहळावे?"

"आपल्या पोराचं जावळ आपण काढावं," सासूबाई म्हणाल्या. "शेजाऱ्यानं वस्तरा घेऊन येऊ नये."

मी हार मानली नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ मराठी रंगभूमीवर आणले आणि त्यातूनच संगीत नाटकाचा एवढा मोठा संसार उभा राहिला, असे सुनावले.

"तिथं कालिदास पुढच्या खुर्चीत बसला नव्हता. इथं मी बसलेय."

दुसऱ्या रविवारी मात्र, हे नाइलाजाने लिहावे लागते, माझे मत त्यांच्याकडे झुकले. कादंबरीतला माणूस पानेच्या पाने नुसता विचार करू शकतो. रंगमंचावर तो तसा बसला तर लोक उठून चहाला जातात. हा पेच सोडवणे हेच रूपांतरकाराचे खरे काम आहे, आणि ज्याला तो सुटत नाही तो निवेदक आणतो. खादीचा झब्बा घातलेला, कोपऱ्यातील प्रकाशझोतात उभा राहणारा, "त्याला वाटले" या शब्दांनी बोलायला लागणारा तो इसम मला डासासारखा वाटतो. त्या दिवशी तर तीन निवेदक होते. "त्यापेक्षा पुस्तकच वाटलं असतं तर घरी पंख्याखाली वाचलं असतं," या सासूबाईंच्या शेऱ्याला मागच्या दोन रांगांतून दाद मिळाली. तिसऱ्या नाटकात त्या झोपल्या. तो हंगामातील सर्वोत्तम प्रयोग होता.

चौथ्या रविवारी कोकणातल्या एका घराण्याची 612 पानांची कादंबरी नव्वद मिनिटांत बसवलेली होती. पाच नट, तेवीस भूमिका. उपरणे डाव्या खांद्यावर असले की थोरला भाऊ, उजव्या खांद्यावर आले की मधला. वेळेअभावी चौदावे प्रकरण समूळ गाळले होते आणि त्याबरोबर धाकटे काकाही गेले होते. तासाभराने थोरल्या भावाचे वाक्य अडले. अशा ठिकाणी विंगेत प्रॉम्प्टर नसतो. वातानुकूलन यंत्र नेमके बंद होते. त्या शांततेत सासूबाई मायेने म्हणाल्या, "‘धाकट्याचं पत्र आलंय मुंबईहून.’"

बुडत्याला काडी मिळाली. "धाकट्याचं पत्र आलंय मुंबईहून!" थोरला गरजला, आणि आपण काय बोललो हे उमगून पांढरा पडला. पण सुनेचे काम करणाऱ्या मुलीने कादंबरी वाचलेली असावी. तिने पदर सावरून विचारले, "काय लिहितात काका?" झाले! त्या क्षणी गाळलेले प्रकरण सुरू झाले. दोन ठोकळ्यांची बोट झाली, मधल्या भावाने उपरणे डोक्याला गुंडाळून धाकट्याचा अवतार घेतला, प्रकाशयोजनाकाराने गोंधळून एकदा रात्र आणि लगेच दिवस केला. जेथे कोणी अडखळे तेथे पहिल्या रांगेतून पुढचे वाक्य येई. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने मंजूर केलेल्या संहितेला सोडून अर्धा तास हा संसार चालला. सातच्या प्रयोगाची मंडळी आपले दरवाजे-खिडक्या खांद्यावर घेऊन दारात ताटकळली होती, तीही ओझी खाली ठेवून बघू लागली. अखेर धाकटे काका बोटीत बसून मुंबईला परतले आणि थोरल्याला आपले मूळ वाक्य आठवले.

दादरला आम्हाला धीमी गाडी मिळाली, खिडकीची जागासुद्धा मिळाली. मी म्हणालो, "आज तरी सगळं पुस्तकाप्रमाणे झालं ना, आई?"

"कसलं होतंय! धाकटे काका तिथंच वारतात. ह्यांनी त्यांना धडधाकट परत पाठवलं. आता घराची वाटणी व्हायची कशी, ते तुम्हीच सांगा." मला सांगता येईना, म्हणून त्यांनी मूळ दस्तापासून सांगायला घेतले. गाडी तेव्हा शीव स्थानकात उभी होती, आणि मुलुंडला अजून आठ स्थानके होती.