या यादीत व्हिक्तोर एरिसे हवेत

यादवी युद्धानंतरचा स्पेन एका लहान मुलीच्या नजरेतून दाखवल्याबद्दल, दिग्दर्शकांची यादी देणाऱ्या तुमच्या लेखात गिलेर्मो देल तोरो यांच्या ‘पॅन्स लॅबिरिंथ’ या चित्रपटाचे (२००६) जे कौतुक केले आहे, ते मला मनापासून पटले. मात्र ही वाट त्याआधी तीन दशके स्पॅनिश दिग्दर्शक व्हिक्तोर एरिसे यांनी ‘द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह’मध्ये (१९७३) चोखाळली होती, आणि त्यांचे नाव यादीत नसावे याची खंत वाटते.

त्यात १९४० च्या सुमारास स्पेनच्या कास्तीया भागातील एका खेड्यात फिरता सिनेमा ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा राक्षसाचा चित्रपट घेऊन येतो आणि तो पाहून भारावलेली चिमुकली आना, ओसाड घरात लपलेल्या एका फरारी माणसाला, आपल्या मनात बसलेला तो राक्षसच समजून सफरचंद देते. एरिसे यांचा चित्रपट बनला तेव्हा स्पेनचा हुकूमशहा फ्रँको हयात होता, त्यामुळे युद्धाबद्दल उघडपणे काहीच बोलले जात नाही. आईवडिलांमधला अबोला आणि षटकोनी तावदानांतून झिरपणारा मधाच्या रंगाचा उजेडच सारे सांगतो. हा उजेड टिपणारे छायालेखक लुईस क्वाद्रादो यांची दृष्टी त्या काळात अधू होत चालली होती, हे कळल्यापासून मला ती दृश्ये अधिकच हेलावून टाकतात.

आनाची भूमिका करणारी आना तोरेंत पुढे कार्लोस साउरा यांच्या ‘क्रिआ कुएर्वोस’मध्येही (१९७६) दिसते. एरिसे यांचा ‘क्लोज युअर आईज’ (२०२३) मात्र ‘बीहाइव्ह’नंतरच पाहावा, कारण पन्नास वर्षांनी तीच अभिनेत्री डोळे मिटून पुन्हा ‘मी आना आहे’ म्हणते.