दम्याच्या पंपाविरुद्ध फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: पंप एकदा लागला की जन्मभर सुटत नाही, त्यात स्टेरॉईड असतं, मुलांची उंची खुंटते, त्यापेक्षा गोळी बरी, आणि दमा काही क्षयासारखा पसरत नाही, मग सरकारनं त्यासाठी कार्यक्रम कशाला राबवायचे, हे श्रीमंत देशांचं खूळ आहे. माझं शाहूपुरीत औषधांचं दुकान आहे. हा मेसेज वाचून चांगला चालू असलेला पंप बंद केलेली माणसं काउंटरवर धापा टाकत येतात, म्हणून लिहितोय.

"पंपाची सवय लागते." नाही लागत. दम्यात श्वासनळ्यांचं आतलं अस्तर सुजलेलं असतं, धाप लागत नसतानाही. रोज घ्यायचा पंप ती सूज उतरवतो. तो सोडला की त्रास परत येतो, कारण आजार होता तिथंच असतो. रक्तदाबाची गोळी सोडल्यावर दाब वाढला तर तिला कुणी व्यसन म्हणत नाही. उलट, दमा दोन-तीन महिने नीट आटोक्यात राहिला तर डॉक्टर डोस कमी करत आणतात.

जपून वापरायचा तो दुसरा पंप, झटपट आराम देणारा सालब्युटामॉलचा. तो नळी तेवढ्यापुरती मोकळी करतो, सुजेला हात लावत नाही. दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या 'जिना' या जागतिक संस्थेनं 2019 पासून मोठ्या माणसांना आणि किशोरवयीनांना नुसत्या या पंपावर ठेवू नये असं सांगितलंय. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. स्वस्त आणि लगेच बरं वाटतं म्हणून लोक हाच मागतात आणि रोजचा पंप घरी पडून राहतो.

"गोळी बरी." हा मुद्दा सगळ्यात घातक. पंपाच्या दोन झटक्यांत 200 मायक्रोग्रॅम सालब्युटामॉल असतं. त्याच औषधाच्या 4 मिलीग्रॅमच्या गोळीत त्याच्या वीसपट. पंपातलं औषध थेट श्वासनळीत जातं, गोळी रक्तातून सगळ्या अंगभर फिरते. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. स्टेरॉईडचंही तेच. रोजच्या पंपात सूज उतरवणारं असंच एक स्टेरॉईड असतं, बुडेसोनाईड. त्याचा दिवसाचा डोस पुष्कळ मोठ्या माणसांना 200 ते 400 मायक्रोग्रॅम पुरतो. अटॅक आल्यावर द्यावी लागणारी प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडची गोळी 40 मिलीग्रॅमपर्यंत, म्हणजे 40 हजार मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. हाडं ठिसूळ होणं, साखर चढणं ही भीती मुख्यतः वारंवार घेतलेल्या गोळ्यांची आहे. अटॅकमध्ये डॉक्टरांनी पाच-सात दिवस ती दिली तर घ्यायचीच. पण रोजचा पंप नियमित असेल तर ती वेळ कमी येते.

"उंची खुंटते." यात थोडं तथ्य आहे, ते लपवायचं कारण नाही. अमेरिकेत लहानपणी काही वर्षं रोज बुडेसोनाईड घेतलेली मुलं मोठी झाल्यावर मोजली, तेव्हा सरासरी उंची 1.2 सेंटीमीटरनं कमी भरली. 2012 मध्ये हे निष्कर्ष छापून आले. एका पारड्यात हा सव्वा सेंटीमीटर, दुसऱ्यात रात्र रात्र बसून काढणारं, शाळा बुडणारं, अटॅकमध्ये जीव गमावू शकणारं मूल. मला यात निवड अवघड वाटत नाही.

"दमा पसरत नाही, मग राष्ट्रीय कार्यक्रम कशाला?" दमा पसरत नाही, पण तो भडकवणारा धूर एका घरापुरता थांबतो का? उसाचं पाचट पेटवलं की सगळ्या शिवारावर धूर. गुऱ्हाळाची चिमणी, चूल, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रींची धूळ, गगनबावड्याकडच्या पावसात ओलावून बुरशी धरणाऱ्या भिंती. यातलं किती एकट्या रुग्णाच्या हातात आहे?

आणि "श्रीमंतांचं खूळ"? फिनलंडनं 1994 ते 2004 दम्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला. देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण 50 लाख. आपल्या जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत 38 लाख 76 हजार होती. त्यांनी लवकर निदान केलं, पहिल्यापासून सूज उतरवणारा पंप दिला, आरोग्य केंद्रांत दम्याची जबाबदारी घेणारे डॉक्टर आणि नर्स नेमले, औषध दुकानदारांनाही सामील केलं. दम्यासाठी रुग्णालयात काढावे लागणारे दिवस दहा वर्षांत निम्म्याहून कमी झाले आणि दर रुग्णामागचा खर्चही उतरला. ब्राझील तर श्रीमंत नव्हे. तिथं 2012 पासून दम्याची औषधं सरकारी योजनेतून मोफत मिळतात.

आपल्या असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दमा कागदावर आहे. गावोगावच्या तपासणीत मात्र भर असतो रक्तदाब, साखर आणि तीन कर्करोगांवर. महात्मा फुले योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. दाखल व्हायची वेळच टाळणारा रोजचा पंप बहुतेकांना खिशातून घ्यावा लागतो. 2019 च्या जागतिक अंदाजात जगातले सुमारे 13 टक्के दमेकरी भारतात होते, दम्याच्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा 40 टक्क्यांहून जास्त. मेसेज पुढं ढकलणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

म्हणून मागायचं ते हे: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रोजचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची, औषध ओढणं सोपं करणारी पोकळ नळी) कायम शिल्लक हवा, आणि तो कसा ओढायचा हे दाखवणारं माणूस हवं. शेवटचं काम आम्हा दुकानदारांना उद्यापासून करता येईल. पंप हलवायचा, पूर्ण श्वास सोडायचा, झटका दाबत सावकाश आत ओढायचा, दहापर्यंत मोजत रोखायचा, मग चूळ भरायची. गिऱ्हाईक हातात पंप घेऊन समोर उभं असतं. दाखवायला दोन मिनिटं पुरतात.