पाचवीच्या वर्गात बसलेली दुसरी

आमच्या कट्ट्यावर राजकारण आणि पाऊस यांच्यापलीकडे विषय क्वचितच जातो. परवा मात्र गुरुजींनी आपल्या पाचवीच्या वर्गातली मुले वाचनाच्या पातळीनुसार वेगवेगळ्या गटांत बसवल्याचे सांगितले आणि रात्री नऊ वाजेपर्यंत कोणी उठायचे नाव घेतले नाही. गुरुजी म्हणजे आमचे वर्गमित्रच. बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर ते शिकवतात. त्यांनी प्रत्येक मुलाला जवळ बसवून थोडा मजकूर मोठ्याने वाचायला लावला. कोण अक्षरांवर अडते, कोण शब्दांवर, कोण परिच्छेदापर्यंत पोहोचते आणि कोण गोष्ट सलग वाचते हे पाहून रोज दीड तासापुरते गट केले. उरलेल्या वेळात सगळी मुले पूर्वीसारखीच एकत्र पाचवीचे पुस्तक शिकतात.

हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या अण्णांना हे अजिबात पटले नाही. “आमच्या काळी हुशार मुले पुढच्या बाकावर आणि ढ मुले मागच्या बाकावर बसवत. मागे बसलेला पोरगा शाळा सुटेपर्यंत मागेच राही. तू त्याच बाकांना आता गट म्हणतोस,” असे ते म्हणाले. गुरुजींनी दोन गोष्टी पुढे केल्या. एक म्हणजे हे गट दर काही आठवड्यांनी नव्याने चाचणी घेऊन बदलतात. दुसरी म्हणजे भाषेचे आणि गणिताचे गट वेगळे असतात. वाचताना शब्दांवर अडखळणारी एक मुलगी गणितात भागाकार करणाऱ्यांच्या गटात बसते. मला हे उत्तर योग्य वाटले, पण पुरेसे वाटले नाही. शिक्षकाच्या तोंडून एकदा जरी ‘कच्चा गट’ असे निघाले, तरी मैदानावर त्या मुलांना तेच नाव पडते, आणि ते पुसायला कोणतीही चाचणी उपयोगी पडत नाही.

औषधांचे दुकान चालवणाऱ्या आमच्या मित्राचे म्हणणे सरळ होते : वर्गात मुले कमी करा, शिक्षक वाढवा, मग गटांची गरजच काय? शिक्षक हवेत यात वादच नाही. शिक्षण हक्क कायद्यानेच प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवून दिला आहे. पण गुरुजींनी मुंबई आणि वडोदरा येथे झालेल्या ‘बालसखी’ प्रयोगाचा दाखला दिला. त्यात मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर नेऊन वस्तीतल्याच एखाद्या तरुणीने वाचन आणि गणिताचा पाया शिकवला. पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला होता. बालसखीकडे गेलेली मुले सुधारली. मात्र वर्गातली गर्दी कमी होऊनही वर्गातच राहिलेल्या बाकीच्या मुलांच्या शिकण्यात तसा फरक दिसला नाही. म्हणजे मुले किती, यापेक्षा त्यांना काय आणि कोणत्या पातळीवरून शिकवले जाते, हे अधिक महत्त्वाचे ठरले. मुलांचे वाचन आणि गणित जोखणाऱ्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या कमी मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, हे लक्षात घेतले तर गुरुजींचा वर्ग अपवाद नव्हे.

आमच्यातल्या वकिलांनी मध्येच शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ काढले, आणि त्या संध्याकाळचा सर्वांत नेमका मुद्दा तोच होता. या कलमातले एक पोटकलम शिक्षकाला ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करायला सांगते आणि त्याच्या लगेच पुढचे पोटकलम प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून त्यानुसार गरज असेल तेथे जादा शिकवायला सांगते. दोन्ही कर्तव्ये एकाच शिक्षकाची, पण तपासणीला आलेला अधिकारी विचारतो ते पहिल्याविषयीच : किती धडे झाले?

विशेष शिक्षिका म्हणून काम करणाऱ्या ताई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी गुरुजींना विचारले, “अक्षरगटात तुम्ही किती प्रकारची मुले एकत्र बसवली आहेत?” गुरुजींनी सांगितले : एक मुलगा बंजारा तांड्यावरचा आहे, घरी गोरमाटी बोली बोलतो आणि त्याला पाठ्यपुस्तकातल्या मराठीची ओळख शाळेतच होते. दुसरी मुलगी दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. तिसऱ्या मुलाची शाळा कधी बुडत नाही, तो तोंडी उत्तरे फटाफट देतो, पण छापील अक्षरे त्याच्या हाती लागत नाहीत. तिघेही चाचणीत एकाच पायरीवर उभे दिसतात. ताई म्हणाल्या, पहिल्याशी आधी त्याच्या भाषेत बोलून मग मराठीकडे यावे लागेल, दुसरीला बुडालेले महिने भरून द्यावे लागतील किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून घ्यावे लागेल, आणि तिसऱ्याची अध्ययन अक्षमतेसाठी तपासणी करून घ्यावी लागेल. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि त्यांत अध्ययन अक्षमताही आली. पण पालकांना तिची आठवण येते ती दहावीच्या परीक्षेत वाढीव वेळ हवा असतो तेव्हा.

मला ताईंचे म्हणणे पूर्ण पटले. पातळी पाहणे ही सुरुवात आहे आणि ती सोपी आहे. मूल तेथे का थांबले, हे शोधायला घरी जावे लागते, पालकांशी बोलावे लागते आणि कधी कधी आपल्या शिकवण्याकडेच संशयाने पाहावे लागते. हा शोध न घेता केलेला गट फार तर शिक्षकाची सोय करतो.

अण्णा मागे हटले नाहीत, पण त्यांनी एक अट घातली. फेब्रुवारीअखेर गुरुजींनी प्रत्येक गटाची आजची आणि तेव्हाची यादी समोर ठेवावी. शेवटच्या गटात तीच नावे दिसली तर हे बाकांचेच नवे रूप आहे, असे मान्य करावे. गुरुजी तयार झाले. मात्र ऊसतोडीला गेलेल्या मुलांची नावे त्या यादीत धरायची की वगळायची, यावर वकील आणि ताई यांच्यात पुन्हा जुंपली.