अपघाताच्या नोंदवहीतला शेवटचा रकाना

गेल्या महिन्यात एका परिचितांच्या आग्रहावरून भोसरीतल्या त्यांच्या शेडमध्ये एक डाय, म्हणजे पत्रा कापून आकार देणारा साचा, बघायला गेलो होतो. डायची तक्रार किरकोळ होती, दहा मिनिटांत उलगडली. पण पन्नास टनी प्रेसवर जो मुलगा ब्रॅकेट मारत होता, त्याच्याकडे लक्ष गेले आणि मी तिथेच थांबलो. त्या प्रेसला दोन हातांची बटणे होती, म्हणजे दोन्ही तळवे बटणांवर टेकल्याशिवाय रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा जड भाग, खाली येऊ नये अशी सोय होती. आणि त्यांपैकी डावे बटण सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून कायमचे दाबून ठेवलेले होते. उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने जॉब, म्हणजे तयार होणारा नग. परिचितांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, "किती वेळा सांगायचं? पोरं ऐकतच नाहीत हो."

त्या मुलाला शिफ्टला पाच हजार नगांचे टार्गेट होते. जेवण आणि चहा वजा केला तर एका नगाला जेमतेम पाच सेकंद उरतात, आणि त्या पाच सेकंदांत ब्लँक (पत्र्याचा कापलेला तुकडा) उचलणे, ठेवणे, दोन्ही हात बटणांवर नेणे, स्ट्रोक मारणे आणि तयार जॉब काढणे हे सगळे बसवायचे असते. ते बसत नाही म्हणून ट्यूबची पट्टी येते. पट्टी त्याने बांधली असेल, पण पाच सेकंदांचा हिशेब त्याने मांडलेला नव्हता. शिवाय दोन हातांचे नियंत्रण नीट बसवलेले असेल तर बटण बांधून प्रेस चालतच नाही. दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली गेली पाहिजेत आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सुटली पाहिजेत, तरच पुढचा स्ट्रोक मिळावा, अशी त्याची जोडणी असते. इथे दोन साधी बटणे एकापाठोपाठ एक जोडून काम भागवले होते. म्हणजे पट्टी नंतर आली, फसवणूक आधी वायरिंगमध्येच झालेली होती.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण माझ्या हातूनही असा एक कागद झालेला आहे. १९९८ साली मी एका मध्यम कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे डाय बनवणाऱ्या विभागात, होतो. दुसऱ्या शिफ्टला एकोणीस वर्षांच्या एका मुलाची उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट गेले. जॉब पंचला, म्हणजे डायच्या वरच्या दाबणाऱ्या भागाला, चिकटला होता, तो काढायला त्याने हात घातला, आणि पेडलवर पाय नसताना प्रेसने दुसरा स्ट्रोक मारला. नोंदवहीत शेवटचा रकाना 'अपघाताचे कारण' असा होता. सुपरवायझरने त्यात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले आणि साक्षीदार म्हणून मी सही केली. दुसऱ्या दिवशी रॅमला गती जोडणारा-तोडणारा क्लच उघडला तेव्हा आत स्प्रिंगचे दोन तुकडे निघाले. ती डाय माझी होती, आणि तिला जॉब पाडणारा नॉकआउट मी दिला नव्हता, कारण 'हाताने निघतो की' असे ठरले होते. रकान्यातले कारण मात्र बदलले नाही. वही तोवर ऑफिसात गेली होती.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की 'त्याने हात का घातला?' हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला जातो. हात आत घालण्याची गरज का पडली, हे विचारले तर उत्तर टूलरूममध्ये, मेंटेनन्समध्ये किंवा मालकाच्या केबिनमध्ये सापडते, आणि म्हणूनच ते विचारले जात नाही. निष्काळजीपणा या कारणाचा एक मोठा गुण आहे: त्यावर उपाय करायला एक रुपयाही खर्च येत नाही. कामगाराला समज दिली, चार मार्चला सुरक्षा दिनाची शपथ दिली, भिंतीवर नवे पोस्टर लावले की झाले.

कायद्याची भूमिका या बाबतीत आपल्या शॉपफ्लोअरपेक्षा कितीतरी शहाणी आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमाने कामगाराला सावध राहायला सांगण्याआधी यंत्राच्या धोकादायक भागाला भक्कम आवरण घालायला सांगितले, आणि यंत्र चालू असताना ते आवरण जागेवरच असले पाहिजे असेही बजावले. आपल्याकडे ते गार्ड डाय सेटिंगच्या वेळी निघते आणि प्रेसच्या मागे भिंतीला टेकून वर्षभर धूळ खाते. खंडेनवमीला प्रेसला झेंडूचा हार पडतो, गार्डला तोही मिळत नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तर विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणण्यासाठी लागणारी कामगारसंख्या १० वरून २० वर नेली आहे. बारा-पंधरा माणसांच्या शेडमध्ये प्रेस मात्र पूर्वीइतक्याच वेगाने खाली येतो.

अपघात झाल्यावरचा कायदाही वाचण्यासारखा आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे दर दिलेले होते: पूर्ण तर्जनी गेली तर कमावण्याच्या क्षमतेत १४ टक्के घट, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, आणि अंगठा ३०. एकाच हाताची दोन बोटे गेली तर २०. आणि हे सगळे 'कोणत्याही हातासाठी', म्हणजे उजव्या-डाव्याचा फरक नाही. आमच्या त्या मुलाला उजव्या हाताने शर्टाचे बटण लावता येईना, मापाचे व्हर्निअर धरता येईना, आणि प्रेसवर कोणी पुन्हा उभे करेना. परिशिष्टाच्या हिशेबाने त्याची ८० टक्के क्षमता शाबूत होती. ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, लाभ असेल तर निदान उपचार होतात आणि रजेच्या काळात पगाराच्या ९० टक्के दराने पैसे मिळतात, पण ठेकेदाराच्या पोरांचे विमा कार्ड अपघाताच्याच दिवशी घाईघाईने निघताना मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

आता उपायांबद्दल, कारण इथेही बराच देखावा चालतो. जुन्या प्रेसना पिन क्लच असतो. त्यात एकदा पिन गुंतली की फ्लायव्हील (प्रेसचे जड फिरते चाक) पूर्ण फेरी करूनच सोडते. मध्ये थांबवण्याची शक्तीच त्या यंत्रात नाही. अशा प्रेसला पुढे लाल-हिरव्या दिव्यांचा सेन्सर बसवलेला मी तीन ठिकाणी पाहिला आहे. ऑडिटला आलेला माणूस हात आडवा धरतो, दिवा लाल होतो, तो समाधानाने टिक करतो. स्ट्रोक सुरू झाल्यावर हात गेला तर दिवा तेव्हाही लालच होणार आहे, फक्त रॅम थांबणार नाही. सेन्सर उपयोगी पडतो तो न्यूमॅटिक (हवेच्या दाबावरचा) क्लच आणि ब्रेक असलेल्या प्रेसला, आणि तिथेही तो किती अंतरावर बसवला याला महत्त्व असते. मानकांमध्ये हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. प्रेस थांबायला सेकंदाचा पाचवा भाग लागत असेल तर तेवढ्यात हात ४० सेंटिमीटर आत गेलेला असतो. त्याहून जवळ बसवलेला सेन्सर झालेल्या अपघाताची वर्दी देतो, इतकेच.

पिन क्लचच्या प्रेससाठी खरा उपाय डाय बनवतानाच करावा लागतो, आणि तो जुना व स्वस्त आहे. पंचाभोवती पक्के आवरण घालून आत जाण्याची फट ६ मिलिमीटरपेक्षा मोठी ठेवायची नाही, कारण तेवढ्यात बोट जात नाही. ब्लँक बाहेरच स्लाइडवर ठेवायचा आणि स्लाइड आत ढकलायची. जॉब नॉकआउटने किंवा हवेच्या फुंकरीने खाली पडला पाहिजे. यातले काहीच शक्य नसेल तर चिमटा द्यायचा, तोही ॲल्युमिनियमचा, म्हणजे चुकून आत राहिला तर चिमटा चेपतो आणि डाय वाचते. डाय फुटेल या भीतीने चिमटा नाकारणारे सेटर मी पाहिले आहेत. टूलरूममध्ये ड्रॉइंगवर सही करण्यापूर्वी 'हा जॉब बाहेर कसा येणार?' एवढे विचारले, तरी हात आत घालावा लागणाऱ्या अर्ध्याअधिक डाय जन्मालाच येणार नाहीत, असा माझा अनुभव आहे.

हातमोज्यांविषयी एक गोष्ट सांगतो. शीटच्या धारेपासून ते वाचवतात, पण रॅमपासून कोणताही मोजा वाचवत नाही, आणि ड्रिल मशीनवर तर मोजा घालणे हाच धोका आहे, कारण फिरत्या ड्रिलमध्ये कापडाचा एक धागा अडकला की सगळा हात ओढला जातो. अंगठीचेही तेच. तरीही 'सर्व ठिकाणी हातमोजे सक्तीचे' अशी पाटी ड्रिल मशीनच्या वरच लावलेली दिसते.

मालकांची बाजू मला कळत नाही असे नाही. माझे परिचित मोठ्या कंपनीचे थेट पुरवठादारही नाहीत, ते पुरवठादाराच्या पुरवठादाराचे काम करतात, आणि दरवर्षी त्यांना दर कमी करायला सांगितले जाते. त्यांच्याकडे येणारा ऑडिटर दहा लाख नगांत किती नग बाद झाले हे विचारतो. वर्षभरात किती बोटे गेली, हे त्याच्या फॉर्मवर नसते. चाकणच्या त्या चकचकीत असेंब्ली लाइनवर गाडी सुरक्षित वातावरणात जुळवली जाते हे खरेच आहे, पण त्या गाडीतला ब्रॅकेट कुठल्या शेडमध्ये, कुठल्या प्रेसवर निघाला, हे ज्याला दर ठरवता येतो त्याला विचारताही येते. पुरवठादाराच्या प्रेसला गार्ड नसेल तर माल घेणार नाही, असे एका मोठ्या ग्राहकाने एकदा लिहून दिले, तर जे काम निरीक्षकाच्या दहा भेटींत झाले नाही ते पंधरा दिवसांत होईल.

त्या दिवशी मी परिचितांना स्लाइड आणि नॉकआउटचे कच्चे ड्रॉइंग तिथेच वहीच्या पानावर काढून दिले. स्लाइड बनून आली, बसली, आणि तो मुलगा आता बटण न बांधताही जवळपास तेवढेच नग काढतो, असे त्यांनीच फोन करून सांगितले. बटणांचे वायरिंग मात्र अजून तसेच आहे. पुढच्या आठवड्यात इलेक्ट्रिशियन येणार आहे, असे ते गेले तीन आठवडे सांगत आहेत.