‘दोन टक्केच तर कापतात!’ : टेक्सासला निघालेल्यांमध्ये फिरणाऱ्या घरविमा-संदेशाला उत्तर

न्यू जर्सी सोडून टेक्सास किंवा फ्लोरिडाला निघालेल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय : ‘नव्या राज्यात घराचा विमा अर्ध्या तासात ठरवा’. त्यात राज्यांच्या सरासरी हप्त्यांचा रंगीत तक्ता, नऊ सूचना आणि शेवटी हात जोडलेले इमोजी. न्यू जर्सीतल्या एडिसनहून डॅलसच्या उत्तरेकडच्या फ्रिस्कोला निघालेल्या माझ्या भाचीने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, यातलं चार नंबरचं करून टाकलंय.’ म्हणून चार नंबरपासूनच सुरुवात करतो. क्रमाची फिकीर संदेश लिहिणाऱ्यालाही नव्हती.

चौथी सूचना अशी : ‘वादळ-गारपिटीचं डिडक्टिबल दोन टक्के घ्या. हप्ता बराच उतरतो आणि क्लेम आला तर फक्त दोन टक्के कापतात. वीस हजारांचा क्लेम असेल तर चारशे डॉलर गेले, एवढंच.’

डिडक्टिबल म्हणजे नुकसानीतला आधी तुमच्या खिशातून जाणारा वाटा. पण कशाचे दोन टक्के? क्लेमचे नव्हेत. घराच्या विमा रकमेचे, म्हणजे डिक्लरेशन पेजवर (पॉलिसीच्या पहिल्या, सारांशाच्या पानावर) ‘ड्वेलिंग’ किंवा ‘कव्हरेज ए’समोर जो आकडा छापलेला असतो त्याचे. घर साडेपाच लाख डॉलरला विमाबद्ध असेल तर दोन टक्के म्हणजे ११,००० डॉलर. गारपिटीने छप्पर गेलं, नव्याचा खर्च २०,००० आला, तर कंपनी ९,००० देणार आणि ११,००० तुमच्या खिशातून जाणार. संदेशातल्या चारशेच्या जागी अकरा हजार! शिवाय बहुतेक पॉलिसींमध्ये बांधकाम-महागाईप्रमाणे ड्वेलिंगची रक्कम दर वर्षी आपोआप वाढते, आणि तिच्याबरोबर हे दोन टक्केही. न्यू जर्सीत हजार-दीड हजारांचं एकरकमी डिडक्टिबल बघायची सवय असते, त्यामुळे टक्केवारीवर नजर ठरत नाही. डॅलसच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात गारपीट ही अपवादाने येणारी गोष्ट नाही आणि तिथल्या पॉलिसीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे.

यापुढचं भोक आणखी मोठं आहे आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. छपराची भरपाई कोणत्या हिशेबाने मिळणार? दोन पद्धती आहेत. ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’ असेल तर नव्या छपराचा खर्च मिळतो. पहिला चेक घसारा कापून येतो आणि काम पूर्ण झाल्याची बिलं दिली की कापलेली रक्कम मिळते. ‘ॲक्चुअल कॅश व्हॅल्यू’ असेल तर घसारा कायमचा गेला. वरचंच उदाहरण घ्या. छप्पर १२ वर्षांचं आहे आणि आयुष्य २० वर्षं धरलंय, म्हणजे साठ टक्के घसारा. २०,००० तून १२,००० गेले, उरले ८,०००. त्यातून ११,००० चं डिडक्टिबल वजा करा. कंपनी तुम्हाला शून्य डॉलर देणार आणि ते पूर्णपणे कायदेशीर असणार. ऑनलाइन कोटमध्ये (दराच्या प्रस्तावात) जो हप्ता अचानक शे-पाचशेने स्वस्त दिसतो, त्यामागे बऱ्याचदा ही एक ओळ असते. ती पहिल्या पानावर नसते, पुढच्या जोडपत्रांत असते. तिथे ‘रूफ पेमेंट शेड्यूल’ (छपराच्या वयाप्रमाणे भरपाईचे टक्के ठरवणारा तक्ता) असा शब्द दिसला तर एजंटला थेट विचारा : आज छप्पर गेलं तर किती टक्के देणार? धातूचं छप्पर असेल तर ‘कॉस्मेटिक डॅमेज’ वगळलंय का तेही बघा. वगळलं असेल तर गारांनी पडलेल्या पोच्यांचे पैसे मिळत नाहीत, छप्पर गळू लागलं तरच मिळतात.

‘मग छप्परवालाच डिडक्टिबल भरतो की’ हे उत्तर मला ऐकू येतंय. गारपीट झाली की दुसऱ्या दिवशी दार वाजवणारे असतात, तेच हे सांगतात. टेक्सासात १ सप्टेंबर २०१९ पासून कंत्राटदाराने डिडक्टिबल माफ करणं किंवा स्वतःवर घेणं हा गुन्हा आहे, आणि ते भरल्याचा पुरावा कंपनी मागू शकते.

दोन टक्के घेणं नेहमीच चूक, असं नाही. हिशेब करून घ्या. साडेपाच लाखांवर एक आणि दोन टक्क्यांतला फरक ५,५०० डॉलर. समजा दोन टक्क्यांमुळे वर्षाला ३०० वाचतात, तर तो फरक भरून निघायला अठराहून जास्त वर्षं गारपीट होता कामा नये. ९०० वाचत असतील आणि बँकेत अकरा हजार वेगळे ठेवलेले असतील तर खुशाल घ्या.

आता पहिली सूचना आणि तो तक्ता : ‘टेक्सासची सरासरी न्यू जर्सीच्या दुप्पट, राज्य बघूनच निर्णय घ्या.’ टेक्सास न्यू जर्सीपेक्षा महाग आहे, हे मान्य करावंच लागेल. ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का ही समुद्र नसलेली राज्यंही गारपीट आणि टोर्नेडोंमुळे महाग आहेत. पण सरासरी हा आकडा तुमच्या घराबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. अमेरिकेच्या ट्रेझरी खात्याच्या फेडरल इन्शुरन्स ऑफिसने जानेवारी २०२५ मध्ये एक अहवाल काढला. २०१८ ते २०२२ या काळातल्या २४ कोटी ६० लाख पॉलिसींची माहिती त्यांनी झिप कोडनुसार तपासली. हवामानाची जोखीम सर्वाधिक असलेल्या २० टक्के झिप कोडांत सरासरी हप्ता २,३२१ डॉलर निघाला. सर्वांत कमी जोखमीच्या २० टक्क्यांपेक्षा ८२ टक्के जास्त. तिथे पॉलिसीचं नूतनीकरण नाकारलं जाण्याचं प्रमाणही ८० टक्के जास्त होतं. म्हणजे हिशेब झिप कोडवर चालतो. त्याच्या आतही छपराचं वय, ते कशाचं आहे, अग्निशमन केंद्र पाच मैलांच्या आत आहे का, हायड्रंट हजार फुटांत आहे का, यावर दर बदलतो.

तक्ता आणखी एक गोष्ट लपवतो. एडिसनचं सात लाखांचं घर विकून फ्रिस्कोत सात लाखांचं घर घेणारा माणूस तेच घर घेत नाही. किमतीत जमिनीचा वाटा कमी आणि बांधकामाचा जास्त असतो, घर बरंच मोठं येतं आणि छप्पर त्याहून मोठं. विमा बांधकामाचा असतो, त्यामुळे हप्ता दुप्पट झाला त्यातला काही भाग राज्यामुळे आणि काही भाग तुमच्याच चौरस फुटांमुळे. प्रत्येक हजार डॉलरच्या ड्वेलिंग रकमेमागे हप्ता किती पडतो ते काढा, मग दोन राज्यांची तुलना करा.

याला जोडूनच तिसरी सूचना : ‘घर जितक्याला घेतलं तितक्याचाच विमा काढा, कमी चालेल, जास्त नको.’ ‘कमी चालेल’ हे शब्द महागात पडतात. एचओ-३ या घरविम्याच्या प्रचलित पॉलिसीत विमा रक्कम पुनर्बांधणीच्या खर्चाच्या किमान ८० टक्के नसेल तर अर्धवट नुकसानीची भरपाईसुद्धा त्या प्रमाणात कापली जाऊ शकते. पुनर्बांधणी पाच लाख, ८० टक्के म्हणजे चार लाख, तुम्ही काढला तीन लाखांचा. स्वयंपाकघरात आग लागून ४०,००० चं नुकसान झालं तर हिशेब तीन-चतुर्थांशाचा : ३०,०००, त्यातून डिडक्टिबल वजा. खरेदीची किंमत आणि पुनर्बांधणीचा खर्च यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. पुनर्बांधणीचा अंदाज कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून येतो, तो छापील मागा आणि चौरस फूट, मजले, विटांचं काम, फरशी बरोबर भरलंय का ते तपासा. चुका बहुतेक तिथेच होतात.

दुसरी सूचना, ‘तीच कंपनी ठेवा, फक्त पत्ता बदला’, ही निव्वळ अज्ञानातून आलेली आहे. विमा हा १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यानुसार राज्यांच्या अखत्यारीत आहे. पॉलिसी राज्य ओलांडत नाही. नवा अर्ज, नवी तपासणी, नवा दर. पुष्कळदा कंपनीही वेगळी निघते : टेक्सासात स्टेट फार्मची घरांची पॉलिसी ‘स्टेट फार्म लॉइड्स’ देते, फ्लोरिडात ‘स्टेट फार्म फ्लोरिडा’. पाटी तीच, आतला धंदा निराळा. गाडी आणि घराचा विमा एकाच कंपनीकडे ठेवला की सवलत मिळते, एवढंच त्यात खरं. पण तिथे ती मिळतेच असं गृहीत धरू नका.

पाचवी सूचना : ‘नव्या राज्यात कोरी पाटी, जुने क्लेम मोजत नाहीत.’ मोजतात. लेक्सिसनेक्सिसच्या ‘क्लू’ अहवालात सात वर्षांचे क्लेम असतात, तुमचेही आणि त्या घराचेही. तुमचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, निघण्याआधी मागवा. घराचा अहवाल खरेदीदाराला मिळत नाही, विकणाऱ्याला मिळतो, रिअल्टरमार्फत मागा. दोन वर्षांपूर्वी पाइप फुटल्याचा क्लेम दिसला तर हप्ता का चढला ते कळतं. मॅसॅच्युसेट्स, मेरिलँड किंवा कॅलिफोर्नियाहून येणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं : तिथे घरविम्यात क्रेडिट इतिहास वापरता येत नाही, टेक्सासात येतो.

पुराबद्दलची सहावी सूचना वाचून राग येतो. ‘समुद्र लांब असेल आणि घर एक्स झोनमध्ये असेल तर पूर घराच्या विम्यातच येतो.’ जमिनीवरून आत आलेलं पाणी नेहमीच्या घरविम्यात येत नाही, कोणत्याही झोनमध्ये नाही. एक्स झोन म्हणजे सरकारी पूर-नकाशावरचा कमी जोखमीचा पट्टा, आणि त्याचा अर्थ इतकाच की कर्ज देणारी संस्था सहसा पूरविम्याची सक्ती करत नाही. २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा ह्यूस्टनमध्ये नकाशावरच्या पूररेषेबाहेरची हजारो घरं बुडाली. न्यू जर्सीकरांनी तर इतकं लांब बघायचीही गरज नाही, १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या अवशेषांनी मॅनव्हिलमध्ये काय केलं ते आठवावं. केंद्र सरकारच्या पूरविमा योजनेत घरासाठी कमाल २,५०,००० आणि सामानासाठी १,००,००० डॉलर मिळतात. सामानाचा विमा वेगळा मागावा लागतो. पॉलिसी घेतल्यापासून लागू व्हायला ३० दिवस लागतात, घरकर्जाच्या क्लोजिंगसोबत (घराचा व्यवहार पुरा होतो तेव्हा) घेतली तर ही वाट बघावी लागत नाही. म्हणजे घ्यायची सर्वांत सोयीची वेळ क्लोजिंगचीच. गटारातून उलटं येणारं पाणी हा तिसराच प्रकार, त्यासाठी ‘वॉटर बॅकअप’चं जोडपत्र लागतं.

गॅल्व्हस्टनकडे किनाऱ्यालगत घर घेणाऱ्यांना वादळाचा विमाही वेगळा लागू शकतो. १४ किनारी काउंट्या आणि हॅरिस काउंटीचा काही भाग यांच्यासाठी टेक्सास विंडस्टॉर्म इन्शुरन्स असोसिएशन आहे, आणि तिची पॉलिसी मिळायला घराकडे बांधकामाचा डब्ल्यूपीआय-८ दाखला लागतो. तो नाही असं क्लोजिंगच्या आठवड्यात कळून उपयोग नाही. फ्लोरिडाला जाणाऱ्यांना घर जुनं असेल तर चार मुद्द्यांची तपासणी (छप्पर, वायरिंग, प्लंबिंग, एसी) आणि सवलतीसाठी विंड मिटिगेशनचा (घर वाऱ्याला किती टिकेल याचा) अहवाल लागेल.

सातवी, ‘हप्ता एस्क्रोतून जातो, महिन्याच्या रकमेत फरक पडत नाही’ : पडतो. एस्क्रो म्हणजे कर्ज देणारी संस्था विमा आणि करासाठी दर महिन्याला तुमचे पैसे जमवते ते खातं. स्थिर दराच्या कर्जातही स्थिर असतं ते फक्त मुद्दल आणि व्याज. विम्याचा वर्षाचा हप्ता ३,६०० वरून ४,८०० झाला तर पुढे महिन्याला १०० जास्त, आणि मागच्या वर्षीची १,२०० ची तूट बारा महिन्यांत वसूल म्हणून आणखी १००.

आठवी, ‘विमा क्लोजिंगच्या दोन दिवस आधी ऑनलाइन घ्या’. टेक्सासात करारात ऑप्शन पीरियड (कारण न देता खरेदीतून बाहेर पडायची मुदत) असतो, बहुधा सात ते दहा दिवसांचा. विम्याचे कोट त्याच दिवसांत मागवा, कारण विमा परवडत नाही म्हणून बाहेर पडायची वाट त्यानंतर सहसा बंद होते. तीन तरी कोट घ्या, एक स्वतंत्र (अनेक कंपन्यांचे दर देणाऱ्या) एजंटकडून. तिन्हींत ड्वेलिंग रक्कम, वादळ-गारपिटीचं आणि इतर नुकसानीचं डिडक्टिबल, छपराची भरपाई, सामान, बाहेर राहण्याचा खर्च आणि तीन लाखांची लायबिलिटी (तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) एकसारखी मागा. नाहीतर तीन किमतींची तुलना निरर्थक. टेक्सास इन्शुरन्स खात्याच्या हेल्पइन्शुअर या संकेतस्थळावर नमुना दर आणि कंपन्यांच्या तक्रारी बघता येतात. उन्हाळ्यात जात असाल तर मेक्सिकोच्या आखातात नाव दिलेलं वादळ शिरलं की कंपन्या नव्या पॉलिसी देणं थांबवतात, मग क्लोजिंगची तारीख तुमच्या हातात राहत नाही.

राहिली ती जुन्या घराची सूचना : ‘सामान हललं की जुना विमा रद्द करा.’ घर विकलं जाऊन क्लोजिंग होईपर्यंत अजिबात नाही. उलट रिकाम्या घराबद्दल कंपनीला कळवा. ६० दिवसांहून जास्त ओसाड राहिलेल्या घरात तोडफोड झाली किंवा काच फुटली तर नेहमीची पॉलिसी सहसा पैसे देत नाही, काही पॉलिसींत ही मुदत ३० दिवसांचीच असते. हिवाळ्यात हीटिंग बंद करून गेलात आणि पाइप फुटला तर तोही नाकारला जातो. हीटिंग चालू ठेवा किंवा मुख्य नळ बंद करून पाइप पूर्ण रिकामे करा, आणि घर रिकामं ठेवण्याचं जोडपत्र निघण्याआधी लेखी घ्या.