शुभेच्छापत्र-संचाबाबतच्या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या दुकानातून राखीपौर्णिमेसाठी नेलेल्या शुभेच्छापत्र-संचाबद्दल (पारदर्शक ठसे, शाईचे पॅड, रंगीत पेन्सिली आणि कार्डाचा कागद) आपण दिलेला सविस्तर अभिप्राय वाचला. ठशाची शाई दुसऱ्या दिवशीही बोटाला लागत होती, रंगीत पेन्सिलींचा रंग कागदावर धरत नव्हता, घडीवर कार्ड फुटले, पुण्यातील भावाला पाकीट सोडवून घेताना टपालाचे जादा पैसे भरावे लागले आणि आम्ही संचाचे ८५० रुपये परत करण्यास नकार दिला, असे आपले म्हणणे आहे. सणाच्या तोंडावर कार्ड बिघडले की मुलांचा किती हिरमोड होतो, याची मला कल्पना आहे. मात्र ‘माल हलका आहे’ हा आपला निष्कर्ष मला मान्य नाही. अभिप्राय वाचून इतर ग्राहकही दुकानात हेच विचारू लागल्यामुळे त्याचे कारण येथेच लिहितो.

संचातील कागदावर मुलांनी केलेली कार्डे चांगली झाली, तो कागद संपल्यावर भावासाठीचे मोठे कार्ड घरात असलेल्या चकचकीत कार्डशीटवर केले, असे आपणच लिहिले आहे. आपण जोडलेल्या छायाचित्रात त्या शीटवर दिव्याचा उजेड चमकताना स्पष्ट दिसतो. असा कागद चकचकीत दिसावा म्हणून त्यावर केओलिन माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटसारख्या खनिजाचा लेप देऊन तो घोटलेला असतो. छापखान्यात पत्रिका आणि माहितीपुस्तिका छापायला तो उत्तम. हाताने ठसे उमटवायला मात्र अडचणीचा. संचातील पॅडमध्ये पिगमेंट शाई असते. तिच्यातील रंगाचे बारीक कण कागदात फारसे मुरत नाहीत, ते पृष्ठभागावरच बसतात, आणि त्यांना धरून ठेवणारा द्रव शोषून घेणे हे कागदाचे काम असते. लेपाने कागदाची छिद्रेच बुजवली, तर शाई ओलीच राहणार, त्यात श्रावणातील दमट हवा. आपण हेअर ड्रायर फिरवलात, पण त्याने वरची साय वाळल्यासारखी दिसते आणि खालचा थर तसाच राहतो.

‘साधी, लवकर वाळणारी शाई का दिली नाही’ हा आपला प्रश्न रास्त आहे. डाय शाई, म्हणजे रंग द्रवात पूर्ण विरघळलेली शाई, साध्या कागदात झटकन मुरते आणि वाळते, हे खरे. पण ती उजेडात लवकर फिकट पडते आणि पाण्याचा थेंब पडला की पसरते. शिवाय एम्बॉसिंगची (उष्णतेने वितळून ठसा उठावदार करणारी) पावडर चिकटण्यासाठी काही काळ ओली राहणारी शाईच लागते. चकचकीत कागदावर पक्की बसणारी सॉल्व्हंट शाईही (पाण्याऐवजी रासायनिक द्रावकातील) मिळते. ती आम्ही दुकानात ठेवतो, पण मुलांच्या संचात मुद्दाम घालत नाही: तिचा वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवून काम करावे लागते आणि पारदर्शक ठशांना ती कालांतराने खराब करू शकते.

पेन्सिलींचे मूळही त्याच कागदात आहे. रंगीत पेन्सिलीतील मेणाला पकड घ्यायला कागदाची किंचित खरखर लागते. गुळगुळीत लेपावर पेन्सिल नुसती घसरते, दाब वाढवला की ओरखडा उठतो, आणि खाली शाई ओली असेल तर तीही टोकाबरोबर ओढली जाते. छायाचित्रात फुलाच्या पाकळीची काळी कड पिवळ्या रंगात शिरलेली दिसते, ती यामुळेच.

घडीचा मुद्दा थोडा वेगळा आहे, आणि कार्ड करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा समजून घ्यावा असे मला वाटते. कागदातील तंतू एका दिशेने बसलेले असतात. छपाईवाले त्याला ग्रेन म्हणतात. संचातील ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) ए-४ शीटमध्ये तो लांब बाजूला समांतर असतो. शीट मधोमध कापून त्याचे दोन ए-५ तुकडे केले आणि प्रत्येकाची घडी घातली, की घडी तंतूंच्या दिशेने पडते आणि सफाईदार बसते. आपण अख्ख्या ए-४ शीटचीच घडी घातलीत. तिच्यातही ग्रेन लांब बाजूला असेल, तर ती घडी तंतूंना आडवी गेली, आणि वर लेप असल्यामुळे तो तडकून आतला पांढरा कागद दिसू लागला. शीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावी. ज्या दिशेला ती सहज वाकते, तीच घडीची दिशा. मोठे कार्डच हवे असेल, तर पट्टी धरून बोथट टोकाने आधी क्रीझ, म्हणजे घडीची खाच, मारून घ्यावी.

जादा टपालखर्चही याच आकारामुळे झाला असावा. आपली शीट तेवढ्याच जाडीची असेल, तर ३०० जीएसएमचे ए-४ कार्ड एकटेच १८.७ ग्रॅम भरते. त्यावर पाकीट, फोम टेपवर उचललेली फुले आणि राखी धरली, तर साध्या पत्राचा २० ग्रॅमचा पहिला टप्पा सहज ओलांडला जातो. तिकीट कमी पडले की पत्र बैरंग होते आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल केले जातात. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये देशाची टपाल तिकिटे छापली जातात, तरी पाकिटावर पुरेशी चिकटवण्याची जबाबदारी आपल्यावरच राहते! अर्ध्या शीटचे कार्ड ९ ग्रॅमच्या आसपास भरते. ते पाठवणे स्वस्त पडते.

किमतीबद्दल एवढेच सांगतो की, संचातील १० शीटची २० कार्डे होतात. सगळी किंमत त्यांच्यावरच टाकली, तरी एक कार्ड साडेबेचाळीस रुपयांना पडते, आणि ठसे, ते चिकटवून धरायचा ॲक्रिलिक ब्लॉक, पॅड व पेन्सिली दिवाळीसाठी शिल्लक राहतात. त्यामुळे वापरलेल्या संचाचे पैसे परत करता येणार नाहीत, या निर्णयात बदल नाही.

ठशातील ‘ताई’ या अक्षरांचा डावा भाग उमटत नाही, ही आपली तक्रार मात्र मी निराळी ठेवतो, कारण ती कागदाच्या माथी मारता येणार नाही. नव्या पारदर्शक ठशावर कधी कधी तेलकट पातळ थर राहतो; खोडरबर हलकेच फिरवला आणि कागदाखाली मऊ गादीसारखे काही ठेवले, की बहुधा ठसा पूर्ण उठतो. तरीही अक्षर तुटत असेल, तर ठसाच सदोष आहे असे समजून तो बदलून देऊ. त्यासाठी पावतीही लागणार नाही. येताना ठसा धुऊन आणू नये, शाईसकट आणावा. शाई कोठे धरली नाही ते त्यावर लगेच दिसते. चकचकीत शीटचा एखादा तुकडाही सोबत असू द्यावा, त्यावर सॉल्व्हंट शाई कशी बसते ते काउंटरवरच दाखवतो.