खुलासा: ‘सुरक्षा पट्टा’ म्हणजे लांबवलेली धावपट्टी नव्हे

केरळमधील करिपूर (कोझिकोड) विमानतळाचा दाखला देणारा एक मेसेज फिरतो आहे: ‘रेसा हे निमित्त आहे, धावपट्टी लांबवून मोठी विमाने आणणार, आवाज वाढणार.’

हे चुकीचे आहे. रेसा (रनवे एंड सेफ्टी एरिया) म्हणजे सुरक्षा पट्टा, धावपट्टीच्या टोकापलीकडचा मोकळा, सपाट पट्टा. विमान धावपट्टीवर थांबले नाही किंवा धावपट्टीच्या आधीच टेकले तर नुकसान कमी व्हावे, एवढेच त्याचे काम. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १४ नुसार मोठ्या धावपट्ट्यांना तो किमान ९० मीटर लागतो, शिफारस २४० मीटरची आहे. उतरण्या-उडण्याच्या जाहीर लांबीत तो धरत नाहीत. त्यामुळे केवळ रेसा वाढल्याने घरांवरून जाणारी विमाने खाली येत नाहीत. उलट करिपूरला रेसासाठी धावपट्टीच आखूड करण्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये होता. विरोध झाला, मग पळ्ळिक्कल आणि नेडियिरुप्पू गावांतील सुमारे साडेचौदा एकर जमीन संपादित झाली.

त्रास खोटा नाही, हेही तितकेच ठासून सांगते. टेकडीवरच्या धावपट्टीला पट्टा वाढवायचा तर भराव लागतो. मातीचे डंपर, धूळ, पावसाच्या पाण्याची बदललेली वाट हे शेजारच्यांनाच सोसावे लागते. मोबदला, पुनर्वसन आणि निचरा यांवर जरूर प्रश्न विचारा.

७ ऑगस्ट २०२० ला याच करिपूरला विमान धावपट्टीपलीकडे घसरून दरीत कोसळले. कॅप्टन दीपक साठे यांच्यासह २१ जण गेले. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. गटात आला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.